कराची बंदर विक्रांतने जाळलेलं नाही

मामींचा फोन रात्री एक वाजता आला. त्यांचा मुलगा नौदलात आहे, पश्चिमेकडच्या ताफ्यात. तो दर्यावर असला की आठवडेच्या आठवडे घरी फोन नसतो. फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज त्यांनी मला वाचून दाखवला आणि विचारलं, "कराची पेटवली म्हणतात, मग ते आपल्या बोटीला सोडतील का रे?" ही गोष्ट मे २०२५ची, भारत-पाकिस्तान संघर्ष चालू होता तेव्हाची. तोच मेसेज आता पुन्हा फिरतोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मेसेज म्हणतो: ८ मेच्या रात्री आयएनएस विक्रांतने ब्रह्मोस क्षेपणास्त्रं डागून कराची बंदर बेचिराख केलं. १९७१ला कराची जाळली तीही विक्रांतनेच, पाकिस्तानची गाझी पाणबुडीही तिनेच बुडवली. आणि पाकिस्तानी आरमाराला आपल्या जहाजावर आजवर साधा ओरखडाही काढता आलेला नाही.

पहिली गोष्ट, नौदलाने कराची बंदरावर मारा केलाच नाही. ११ मेच्या पत्रकार परिषदेत नौदल कारवाई महासंचालक व्हाइस अ‍ॅडमिरल ए. एन. प्रमोद बोलले. ताफा उत्तर अरबी समुद्रात होता आणि कराचीसह निवडक ठिकाणांवर आपण ठरवू तेव्हा मारा करायला सज्ज होता, एवढंच त्यांनी सांगितलं. बंदर खरंच जाळलं असतं तर ते त्यांनी लपवलं असतं का? मेसेजसोबतचा व्हिडिओ तर अमेरिकेतला आहे. ३१ जानेवारी २०२५ला फिलाडेल्फियात एक छोटं विमान वस्तीत कोसळलं, त्याचा. नीट बघा की! रस्ता दिसतो, आग दिसते. धक्का, क्रेन, पाणी यातलं काही दिसतं का? माणसं मेली त्या अपघातात, आणि इथे त्यावर फटाक्यांच्या इमोजी.

विक्रांतवर ब्रह्मोस नाही. ती विमानवाहू नौका आहे, तिचं हत्यार म्हणजे तिच्यावरची मिग-२९के विमानं. ब्रह्मोस असतात विनाशिकांवर. आपल्या माझगाव डॉकने बांधलेल्या विशाखापट्टणम, मोरमुगाव, इंफाळ, सुरत, या प्रत्येकीवर सोळा.

आता १९७१. कराची तेव्हा पेटली होती, हे खरं. तेवढं मेसेजला द्यावं लागेल. पण पेटवली ती छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर गेल्या. पाकिस्तानच्या खैबर आणि मुहाफिज या युद्धनौका बुडाल्या. नौदल दिन त्याच तारखेला असतो. मग ८ तारखेला विनाश या क्षेपणास्त्र नौकेने कराचीतल्या केमारीच्या तेलटाक्या गाठल्या. विक्रांत, म्हणजे तेव्हाची जुनी विक्रांत, बंगालच्या उपसागरात होती. गाझी तिलाच शोधत विशाखापट्टणमपर्यंत आली आणि तिथे बुडाली. आपण श्रेय आयएनएस राजपूत या विनाशिकेला देतो, पाकिस्तान अपघात म्हणतो. विक्रांतचं नाव दोघंही घेत नाहीत.

हे सगळं एक वेळ अज्ञान म्हणून सोडून दिलं असतं. 'ओरखडाही नाही' हे मात्र मला सहन होत नाही. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुखरीला टॉर्पेडो मारला. काही मिनिटांत जहाज तळाला गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवला समुद्राकडे तोंड करून त्यांचं स्मारक उभं आहे. १९४ माणसांना पुसून टाकायचं आणि वर मेसेजच्या शेवटी लिहायचं, 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'! पाणबुडीविरोधी लढाईसाठी आपलं नौदल आजही हेलिकॉप्टरं, सोनार, वेगळ्या नौका बाळगतं, कारण पाण्याखालचा शत्रू काय करू शकतो हे त्याने खुखरीवर सोसलेलं आहे. तुम्ही शत्रूला नगण्य ठरवता तेव्हा दर्यावरच्या पोराचं कामच क्षुल्लक ठरवता.

मामींना त्या रात्री मी खुखरीचं काही बोललो नाही. ११ तारखेला ती पत्रकार परिषद त्यांना पाठवली आणि प्रमोद काय म्हणाले ते फोनवर मराठीत सांगितलं. त्यांनी मध्येच तोडलं.

"म्हणजे मारलं नाही ना?"

"नाही मारलं, मामी."