इशारा पातळी पंधरा इंच

ज्या गावात पाणी न बोलावता जिना चढून येतं, त्या गावात स्वतःच्या अंगणात तळं खणायला घेणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो, नाही तर त्याला आठ वर्षांची मुलगी असते. मी पक्का सांगलीचा. म्हणजे कारण कळलं असेलच.

एप्रिलमध्ये आम्ही एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या दारात सिमेंटचं छोटं तळं आणि त्यात लाल-पांढरे मासे. आमच्या लेकीनं अख्खं लग्न त्या काठावर उकिडवं बसून काढलं. अक्षता तिनं माशांना टाकल्या. घरी येताना रिक्षातच जाहीर केलं, "बाबा, आपण पण करूया. खड्डा खणायचा, पाणी ओतायचं, मासे सोडायचे." आज मागे वळून बघताना वाटतं, तिच्या योजनेत एकच खोट होती. त्यात मी होतो.

आईनं ऐकलं आणि हातातली शेंगांची परात खाली ठेवली. "एकोणीसला सातव्या पायरीपर्यंत आलं होतं, तेवढ्यानं भागलं नाही होय रे तुझं?"

आईचं कॅलेंडर पायऱ्यांवर चालतं. तेव्हा आम्ही गावभागात राहायचो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ च्या पुराची खूण बघून ज्यांनी ज्यांनी कपाटं वर चढवली होती, त्यांची कपाटं त्याच्याही वर जाऊन भिजली. त्यानंतर आम्ही घर बदलून या उंचावरच्या कॉलनीत आलो, निव्वळ पाण्यापासून लांब म्हणून. आणि आता मी टिकाव घेऊन पाण्याला जागा करून देत होतो.

बायकोची अट एकच. "काय पाहिजे ते करा, माझ्या कढीपत्त्याला धक्का लागता कामा नये." त्यामुळे तळ्याची जागा कढीपत्त्यानं ठरवली. गच्चीचा पावसाळी पाइप जिथं खाली उतरतो, नेमकी तिथं. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नव्हतं.

सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल. कागदावर हे आकडे फार गोंडस दिसतात. पण आमच्याकडची माती काळी. पावसाळ्यात ती लोण्यासारखी असते आणि मे महिन्यात तिला पहार लावली की पहारच किंचाळते. पहिल्या दिवशी दोन तासांत मी एक परडी खणली आणि दोन्ही तळहातांना फोड आणले. लेक छत्री घेऊन काठावर मुकादमी करत होती. "बाबा, इकडून कमी आहे. बाबा, तू बसलास का?" मधूनच ती खड्ड्यात उडी मारून काहीतरी उचलायची. दोन गोट्या, कपाचा तुटका कान, गंजलेला चमचा आणि कुणाचं तरी एक हाड. हे सगळं बुटाच्या खोक्यात ठेवून झाकणावर लिहिलं, 'उत्खनन. हात लावू नये.' संध्याकाळी कॉलनीतली सहा पोरं ते बघून गेली. खड्डा बघायला कुणी आलं नाही.

शिवाय खड्ड्यातून निघालेली माती खड्ड्यापेक्षा जास्त असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घट्ट बसलेली माती मोकळी झाली की फुगते. सहाव्या दिवशी खड्डा तयार होता आणि फाटकाजवळ एक टेकडी. स्कूटर टेकडीच्या आत, रस्ता टेकडीच्या बाहेर.

सिमेंट करायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, मासे मरतात, मग टाकी भरा, ओता, केळीचा खुंट टाका, परत भरा. त्यापेक्षा शेततळ्याचा कागद बरा. हे आमच्याच जिल्ह्याचं वैशिष्ट्य आहे बघा. इकडे कृष्णाकाठी आम्ही पाणी घराबाहेर कसं काढावं या विवंचनेत, आणि तिकडे कवठेमहांकाळला माझा आत्तेभाऊ द्राक्षबागेसाठी शेततळं खणून, त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरून, एकेक थेंब कोंडून बसलेला. त्याच्याकडे उरलेला पाचशे मायक्रॉनचा तुकडा होता. मी हिशोब सांगितला. लांबी सहा, खोली दोन, दोन्ही काठांना एकेक फूट, झाले दहा. रुंदीला तसेच आठ. "दहा बाय आठ काप!"

"नक्की का?" त्यानं विचारलं.

"अरे, मी गणितात पैकीच्या पैकी होतो."

कागद टेम्पोनं आला त्या रात्री जेवताना लेकीनं आपला रुमाल आमटीच्या रिकाम्या वाटीत घातला. बोटानं तळाशी दाबला. मग मान तिरकी करून बघत बसली. मी म्हटलं, "खेळ पुरे, जेव." ती म्हणाली, "बाबा, रुमाल इकडून खाली जातो. मग तिकडून परत वर पण येतो ना?"

घास तसाच हातात राहिला. खोली दोनदा मोजायची असते! एका बाजूनं उतरायची आणि दुसऱ्या बाजूनं चढायची. जिने मोजत हयात गेलेल्या आईनं माझ्याकडे बघितलं आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली, काही न बोलता. आत्तेभावाला दुसरा तुकडा मागायचं तोंड नव्हतं. मग काठ अर्ध्या फुटावर आणले, खोली दीड फुटावर आणली, आणि जी माती खणताना फोड आले होते त्यातली अर्धा फूट परत आत ढकलली. टेकडी थोडी कमी झाली, तेवढाच फायदा.

काळी माती उन्हात भेगाळते, त्या भेगांत कागद ताणून फाटायला नको म्हणून खाली काहीतरी मऊ अंथरावं लागतं. मी जुनी पोती शोधत होतो. आई आतून वाकळ घेऊन आली. पुरात भिजलेली, पुढं पंधरा दिवस उन्हात वाळवलेली, तरी कोपऱ्यावर गाळाचा तपकिरी डाग तसाच राहिलेली. तिनं ती आजवर टाकली नव्हती आणि पांघरलीही नव्हती.

"घाल हिला खाली," ती म्हणाली. "हिला पाण्याची सवय आहे."

पाणी सोडलं आणि मिनिटभर आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. मग लेक म्हणाली, "बाबा, तळं तिरकं आहे." पाणी तिरकं होत नसतं, काठ होतो. कढीपत्त्याकडच्या बाजूनं पाणी ओसंडायला आलेलं आणि फाटकाकडं अडीच इंच कागद कोरडा. समोर बांधकामावर असलेले गवंडी मामा आठवडाभर हे सगळं विडी ओढत बघत होते, ते आता रस्ता ओलांडून आले. त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं, एक लेकीच्या. "दोन्हीकडं पाणी एका रेषेला येतंय बघा. ह्याला पाणसळ म्हणत्यात. डोळ्यानं लेव्हल घ्यायची नसती साहेब." एवढ्या आठवड्याभरात त्यांनी हे एकदाही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाले, "तुम्ही कुठं इच्यारलंसा?"

तळं पुन्हा रिकामं, काठ पुन्हा सारखा, पाणी पुन्हा भरलं. हजार लिटर. गच्चीवरच्या टाकीएवढं.

आता मासे. दुकानात मी मोठ्या रुबाबात कोई मागितले. दुकानदारानं तळ्याची खोली विचारली आणि दीड फूट ऐकल्यावर मला खुर्ची दिली, डॉक्टर वाईट बातमी सांगायच्या आधी देतात तशी. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो. दोन फुटांचा मासा दीड फुटाच्या तळ्यात उभा राहिला तर डोकं बाहेर येईल. शिवाय नव्या पाण्यात लगेच मासे सोडायचे नसतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात वाढायला चार-सहा आठवडे लागतात. लेकीनं हे सगळं कान देऊन ऐकलं आणि घरी आजीला समजावलं, "आजी, मासे शी करतात. ती खाणारे जंतू अजून जन्माला यायचेत. म्हणून थांबायचं."

"बरोबर आहे," आई म्हणाली. "आधी सुईण, मग बाळंतीण."

दहाएक दिवसांनी सकाळी लेकीच्या किंकाळीनं जाग आली. "बाबा, मासे आपोआप आले!" धावत गेलो. पाण्यात स्वल्पविरामाएवढे शेकडो जीव अंग मुडपून वळवळत होते. तिनं चौघांची नावंही ठेवली होती. आता हे डास आहेत हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार? ते काम आरोग्य खात्याच्या ताईंनी केलं. नेमक्या त्याच दिवशी त्या घरोघरी पाण्याची भांडी तपासत आल्या. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा बघितल्या आणि मग तळ्यावर बॅटरी मारून थिजल्याच.

"हे काय आहे?"

"तळं," मी म्हटलं.

"आम्ही लोकांना आठवड्यातून एक दिवस बादली कोरडी करा म्हणून सांगत फिरतोय. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. आणि तुम्ही हजार लिटर?"

बायको दारात येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. त्या दोघी एका बाजूला आणि मी एका बाजूला, मधे तळं. नोटीस मिळणार असं धरूनच चाललो होतो. पण दुसऱ्या दिवशी ताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बारा गप्पी मासे आणून दिले. फुकट. अळ्या खातात म्हणून सरकारच वाटतं. हे मासे गप्पा मारत नाहीत बरं का. त्रिनिदादमधल्या गप्पी आडनावाच्या एका साहेबामुळे ते नाव पडलं. लेकीनं तासभर बसून बघितलं. आदल्या दिवशी नावं ठेवलेले चौघंही खाऊन झाले होते. तिनं थोडा वेळ विचार केला आणि तीच नावं गप्पींना दिली.

गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात, आणि महिन्याभरात पुन्हा तयार. जूनच्या शेवटी हजेरीपटावर एकेचाळीस झाले तेव्हा तिनं नावं ठेवणं सोडलं. तोवर पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं हिरवं झालं होतं, त्यामुळे मोजणीही श्रद्धेवरच होती.

आणि मग तो पाऊस आला. सांगलीचा पूर सांगलीच्या पावसानं येत नाही, तो वरून येतो, महाबळेश्वर-कोयनेकडून. आमच्या तळ्याचंही तसंच. त्यात थेट पडणारा पाऊस काही विशेष नव्हता. पण आमची गच्ची सहाशे चौरस फूट. तिच्यावर एक इंच पाऊस पडला की चौदाशे लिटर पाणी होतं, आणि ते सगळं त्या पाइपातून हजार लिटरच्या, आधीच भरलेल्या तळ्यात. कढीपत्त्याच्या कृपेनं कोयना माझ्या डोक्यावरच होती.

पाणी काठावरून निघालं, गप्पी घेऊन निघालं आणि शेजारच्या काकांच्या भिंतीशी तुंबलं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त. भिंतीतली पाणी जायची मोरी त्यांनी घुशींसाठी वीट घालून बंद केलेली. पाणी मागे फुगून आमच्या पायरीला लागलं.

"काका, तुमच्यामुळे फुगवटा येतोय!" मी भिंतीवरून ओरडलो.

"फुगवटा वगैरे काही नसतं," काका छत्रीतून शांतपणे म्हणाले. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानं सांगलीचा पूर वाढतो की नाही, या वादात त्यांचं काय मत आहे मला माहीत नाही, पण वीट मोरीत होती. "तुमचा विसर्ग अनियंत्रित आहे. सोडायच्या आधी खालच्या गावांना कळवायला नको?"

तास-दीड तास आमच्यात आंतरराज्य तंटा चालला. लेक आणि काकू तेवढ्यात दोन्ही बाजूंनी चहाच्या गाळण्या घेऊन मासे वेचत होत्या. तेवीस सापडले. एक काकूंच्या तुळशीच्या आळ्यात होता.

शेवटी काकांनी वीट काढली, मी पाइपाला वळण देऊन पाणी गटाराकडे काढलं, आणि काकांनी लेकीला हाताशी धरून खरं खात्याचं काम केलं. पीव्हीसी पाइपाचा तुकडा घेतला, त्यावर मार्करनं इंच पाडले. पंधरा इंचावर पिवळी रेघ, 'इशारा'. सतरावर लाल, 'धोका'. तो पाइप तळ्यात दगडांच्या आधारानं उभा केला. तेव्हापासून रोज सकाळी आमच्याकडे दूध यायच्या आधी बुलेटिन येतं. "आयर्विन एकोणीस फूट. आपलं तळं चौदा इंच. विसर्ग दोन मग."

जुलैत एका रात्री दीड वाजता पावसाच्या आवाजानं जाग आली. पाइपाचं वळण टिकलं असेल का, या विचारानं झोप लागेना. बॅटरी घेऊन बाहेर आलो तर अंगणात आधीच एक उजेड. आई. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर छत्री, हातातला मोबाइल त्या पाइपाजवळ धरून वाकून बघत होती.

"आई, भिजशील. काय करतेस?"

"दोन बोटं आहेत अजून इशाऱ्याला," ती म्हणाली. "जा, झोप तू. मी आहे थोडा वेळ."