'रिफिफी': चोरीच्या अर्ध्या तासापेक्षा नंतरची तीन मिनिटं

'रिफिफी' या फ्रेंच गुन्हेगारीपटाचा विषय निघाला की गप्पा एकाच ठिकाणी जाऊन अडकतात. तो अर्धा तास. जवाहिऱ्याच्या दुकानातली चोरी, संवाद नाही, संगीत नाही. फिल्म सोसायटीवाले तर असं बोलतात, जणू बाकीचा दीड तास तिकिटावर फुकट मिळालाय. तो अर्धा तास भारी आहेच, त्यावर वाद नाही. पण या सिनेमाचा जीव त्या चोरीत नाही असं माझं ठाम मत आहे. तो त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांच्या एका प्रसंगात आहे.

पुढे सगळी गोष्ट फोडणार आहे. सिनेमा १९५५चा आहे, त्यामुळे 'स्पॉयलर दिलात' ही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

आधी दिग्दर्शकाबद्दल. ज्यूल्स डॅसिन हे नाव फ्रेंच वाटतं, पण माणूस अस्सल अमेरिकन. १९११ साली कनेटिकटमध्ये रशियन ज्यू कुटुंबात जन्मलेला. 'ब्रूट फोर्स', 'द नेकेड सिटी', 'थीव्ह्ज हायवे' असे एकापाठोपाठ एक दणदणीत सिनेमे त्यानं हॉलिवूडमध्ये केले. तरुणपणी कम्युनिस्ट पक्षात होता, १९३९मध्ये बाहेर पडला. पण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेत 'होता' आणि 'आहे' यात कुणी फरक करत नव्हतं. कम्युनिस्टांना हुडकणाऱ्या संसदीय समितीपुढे लोकांना उभं करायचे आणि विचारायचे, तुमच्याबरोबर आणखी कोण कोण होतं? नावं सांगितलीत तर काम मिळेल, नाही सांगितलीत तर घरी बसा. १९५१मध्ये एडवर्ड दमित्रिक आणि फ्रँक टटल या दोन दिग्दर्शकांनी डॅसिनचं नाव घेतलं. दमित्रिक याआधी समितीला उत्तरं नाकारून तुरुंगात जाऊन आलेला, आणि बाहेर आल्यावर त्यानंच नावं दिली. काम करणाऱ्या माणसाचं काम एका वाक्यात गेलं.

मग युरोप. फ्रान्समध्ये फर्नांदेलला घेऊन एक विनोदी सिनेमा ठरला होता, पण चित्रीकरण तोंडावर आलेलं असताना डॅसिनला काढलं. याला घेतलंत तर तुमचा सिनेमा अमेरिकेत लागणार नाही, असा तिकडून दबाव होता. त्यानंतर हाताला काम नाही, आणि भाषाही धड येत नाही.

अशा वेळी समोर आलं ओग्युस्त ल ब्रेताँ यांचं एक पुस्तक. पॅरिसच्या गुन्हेगारांच्या बोलीत लिहिलेलं, डॅसिनला न कळणारं. कुणीतरी वाचून दाखवलं तेव्हा त्याला ते किळसवाणं वाटलं. पुस्तकात खलनायक होते अरब आणि उत्तर आफ्रिकन. डॅसिननं ते सरळ बदललं आणि खलनायकांना ग्रुटर असं जर्मन वळणाचं आडनाव दिलं. पुस्तकात जेमतेम काही पानांत उरकलेली चोरी त्यानं ओढून सिनेमाचा चौथा हिस्सा केली. (ल ब्रेताँ स्वतः अंडरवर्ल्ड जवळून पाहिलेला माणूस. पटकथा वाचल्यावर तो आला, टेबलावर पिस्तूल ठेवलं आणि 'माझं पुस्तक कुठंय?' म्हणून विचारलं, असं डॅसिन सांगायचा. दोघांची पुढे गट्टी जमली म्हणे.) तरुण समीक्षक फ्रान्स्वा त्रुफोनं लिहिलं त्याचा आशय असा, की मी वाचलेल्या सगळ्यात वाईट गुन्हेगारी कादंबरीतून या माणसानं मी पाहिलेला सगळ्यात चांगला गुन्हेगारीपट काढला.

पैसे बेताचेच होते. मोठे स्टार परवडत नव्हते. चोरांच्या म्होरक्याच्या, टोनीच्या, भूमिकेत जाँ सेर्वे आला, कारण दारूपायी त्याची कारकीर्द उताराला लागली होती आणि तो स्वस्तात मिळत होता. पण काय चेहरा! नुकता तुरुंगातून सुटलेला, खोकणारा, आतून संपलेला माणूस. हे मेकअपनं होत नाही. आणि पॅरिस? ऊन पडलं की डॅसिन कॅमेरा बंद करायचा. त्याला करडं आभाळ आणि ओले रस्तेच हवे होते. पोस्टकार्डावरचं पॅरिस या सिनेमात औषधालाही नाही.

आता ती चोरी. चौघं वरच्या फ्लॅटमध्ये शिरतात आणि खालच्या दुकानाच्या छताला, म्हणजे वरच्या जमिनीला भोक पाडतात. दुकानातला अलार्म इतका नाजूक, की नुसत्या हादऱ्यानं वाजेल. म्हणून भोक जरासं मोठं झालं की त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि उघडतात. चुन्याचे ढेकळे, माती, खडी सगळं त्या उलट्या छत्रीत पडतं, जमिनीवर काही नाही. मग अलार्मच्या पेटीत आग विझवायच्या नळकांड्यातला फेस भरून तिचा आवाज कोंडतात. याची तालीम आपण आधीच पाहिलेली असते, त्यामुळे ते काय करताहेत हे सांगायला कुणी लागत नाही. घाम, मनगटावरची घड्याळं, हातांच्या खुणा. एका कारागिराला काम करताना बघावं तसं आपण बघत बसतो आणि हे चोर आहेत हे विसरून जातो. संगीतकार जॉर्ज ओरिकनं या प्रसंगासाठी संगीत लिहून तयार ठेवलं होतं. डॅसिननं त्याला प्रसंग दोनदा दाखवला, संगीतासह आणि संगीताशिवाय. ओरिकनं स्वतःच सांगितलं, माझं काढून टाक. असा संगीतकार आज शोधून दाखवा. आता चोर कुलपाला हात लावायच्या आत ढोल वाजायला लागतात.

हे झालं कौतुक. पण दरोड्याची चोख आखणी आणि मग माणसांच्या स्वभावानं तिचा विचका, हे जॉन ह्यूस्टननं 'द अस्फाल्ट जंगल'मध्ये १९५०लाच करून दाखवलं होतं. नुसती चोरी बघायची तर डॅसिन पहिला नाही.

वेगळेपण पुढे आहे. चौघांतला तिजोरीतज्ज्ञ सेझार, मिलानहून आणलेला, बायकांच्या बाबतीत हळवा. चोरीतली एक अंगठी तो नाइटक्लबमधल्या गायिकेला देऊन बसतो. त्यावरून ग्रुटरला वास लागतो, तो सेझारला धरतो आणि सेझार घाबरून नाव सांगतो. चौघांतल्याच मारिओचं. मारिओ आणि त्याची बायको इदा तोंड उघडत नाहीत, म्हणून जिवाला मुकतात. मग टोनी क्लबच्या मागच्या भागात येतो. सेझार खांबाला बांधलेला. सेझार सबब सांगत नाही, घाबरलो होतो म्हणतो. टोनी म्हणतो, तू मला आवडायचास, पण नियम तुला माहीत आहे. सेझारला माहीत असतो. टोनी गोळी घालतो.

सेझारची भूमिका कुणी केली आहे? श्रेयनामावलीत नाव आहे पेर्लो व्हिता. पण हा पेर्लो व्हिता म्हणजे खुद्द डॅसिन. ठरलेला नट आला नाही म्हणून तो स्वतः उभा राहिला, इतका साधा हिशोब. योगायोगच म्हणा. पण इतरांनी नाव सांगितल्यामुळे देशोधडीला लागलेला माणूस, नाव सांगणाऱ्याचं काम स्वतः करतो, स्वतःला खांबाला बांधून घेतो आणि स्वतःला गोळी घालवून घेतो! तो प्रसंग करताना मित्रांना दगा देणारे मित्र डोक्यात होते, हे त्यानं नंतर मुलाखतीत सांगितलं. आणि तरी सेझार नीच वाटत नाही. गोड, घाबरट, लाज वाटणारा माणूस वाटतो. सूड घ्यायची एवढी आयती संधी असताना डॅसिननं त्याला राक्षस केलं नाही. माझ्यासाठी छत्रीपेक्षा हे फार मोठं आहे.

सगळंच गोड मानायचं कारण नाही. टोनी सुरुवातीलाच जुन्या मैत्रिणीला, मादोला, पट्ट्यानं फोडून काढतो आणि सिनेमा ते 'मर्दांच्या जगातला नियम' म्हणून सहज गिळतो. तो प्रसंग आज बघवत नाही, आणि काळच तसा होता हे उत्तर मला पुरत नाही.

कान चित्रपट महोत्सवात १९५५मध्ये डॅसिनला उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं (विभागून). तिथेच ग्रीक अभिनेत्री मेलिना मर्कूरी भेटली, ती पुढे त्याची बायको आणि ग्रीसची सांस्कृतिक मंत्री झाली, तो वेगळ्या पोस्टचा विषय. अमेरिकेत सिनेमा लावायची वेळ आली तेव्हा त्याला अट घातली गेली, मला फसवून कम्युनिस्टांत ओढलं होतं असं लिहून दे, नाहीतर नाव काढू. डॅसिननं लिहून दिलं नाही. शेवटी युनायटेड आर्टिस्ट्स या अमेरिकन कंपनीनं आडून दुसऱ्या नावाची कंपनी उभी करून सिनेमा लावला, आणि पडद्यावर त्याचं नाव होतं.

बघणार असाल तर फ्रेंच प्रतच शोधा. इंग्रजी डब केलेलीही फिरते, तिच्या वाटेला जाऊ नका. सेर्वेचा तो घोगरा, थकलेला आवाज गेला की अर्धा टोनी गेला.