कार्बन सिरॅमिक ब्रेक बसवायला आम्ही नकार का दिला: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

आपण आमच्या गॅरेजला एक तारा देऊन लिहिले आहे की, कार्बन सिरॅमिक ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी डिस्क, म्हणजे तबकडी, बिडाऐवजी कार्बन-सिरॅमिकची असलेले ब्रेक) बसवून घेण्यासाठी आलेल्या आपल्याला आम्ही नवे पॅड आणि ब्रेक ऑइल घालून परत पाठवले, तपासणीचे पैसे वेगळे घेतले आणि मोठे काम अंगावर घेण्याची कुवत नसल्यामुळे तांत्रिक कारणे पुढे केली. हा अभिप्राय वाचून इतर गाडीमालकही आपला निर्णय ठरवतील, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

बेळगावहून येताना चोर्ला घाट उतरून केरीला पोहोचेपर्यंत पेडल नरम पडले आणि चाकांतून जळका वास येऊ लागला, ही आपली मूळ तक्रार होती. चारही चाके खोलल्यावर पुढच्या पॅडचा पृष्ठभाग अतिउष्णतेने काचेसारखा गुळगुळीत झालेला दिसला आणि ब्रेक ऑइल काळपट निघाले. ते जुने ऑइल पारदर्शक बाटलीत काढून नव्या ऑइलशेजारी ठेवून आम्ही आपल्याला दाखवले होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत त्याकडे दुर्लक्ष करणे परवडत नाही. डॉट 4 प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. घाटात सतत ब्रेकवर पाय राहिला की असे ऑइल कॅलिपरमध्येच, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातच, उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल खाली जाते पण चाकावर जोर पोहोचत नाही. डिस्क बिडाची असो की सिरॅमिकची, या दोषावर उपाय एकच आहे: ऑइल बदलणे. किंबहुना सिरॅमिक डिस्क हलकी असल्यामुळे तेवढ्याच ब्रेकिंगमध्ये अधिक तापते. ती स्वतः ते तापमान सोसते, पण शेजारच्या ऑइलची प्रत मग अधिकच महत्त्वाची ठरते.

आपल्या मित्राची गाडी सिरॅमिक ब्रेकमुळे निम्म्या अंतरात थांबते, असे आपण लिहिले आहे. त्यांच्या गाडीचे टायर आणि वजन मला माहीत नाही, परंतु केवळ डिस्क बदलून असा फरक पडत नाही, हे मी जबाबदारीने सांगतो. गाडी शेवटी थांबते ती टायरच्या पकडीवर. जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होत असेल, तर टायर झेपवू शकेल तेवढी ताकद आपले सध्याचे ब्रेक आधीच देत आहेत. सिरॅमिकचा खरा फायदा दिसतो तो मोठ्या वेगातून पुन्हापुन्हा थांबताना. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. म्हणून ताशी 200 किलोमीटरच्या वेगातून एकामागून एक ब्रेक मारणाऱ्या गाडीसाठी उष्णतेत टिकून राहणारी डिस्क मोलाची आहे. राष्ट्रीय महामार्ग 66 वर म्हापसा ते मडगाव ये-जा करताना अशी वेळ येत नाही, आणि येऊही नये.

मी या ब्रेकच्या विरोधात नाही. पोर्शेने 2001 च्या सुमारास 911 जीटी 2 वर ते दिले, तेव्हापासून त्यांची उपयुक्तता सिद्ध झालेली आहे. कार्बन तंतू आणि सिलिकॉन कार्बाइड यांची ही डिस्क त्याच आकाराच्या बिडाच्या डिस्कच्या जवळपास निम्म्या वजनाची असते. चाकाकडचे वजन घटल्यामुळे खडबडीत रस्त्यावर सस्पेन्शनला चाक सांभाळणे सोपे जाते आणि स्टीअरिंग अधिक मोकळे वाटते. रिमवर काळी धूळ फारशी बसत नाही. शिवाय ती गंजत नाही, आणि हा गुण खाऱ्या वाऱ्याच्या गोव्यात निश्चितच जमेचा आहे. मात्र पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या बिडाच्या डिस्कवर येणारा तांबूस थर सकाळच्या पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. तेवढ्यासाठी लाखांचा खर्च करा, असे मी कोणाला सांगणार नाही.

आपल्या मॉडेलला कंपनी हे ब्रेक देत नाही, ही खरी अडचण आहे. कंपनी देते तेव्हा डिस्क, पॅड, कॅलिपर, मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलवर देणारा भाग) आणि एबीएस यांचा एकमेकांशी मेळ घातलेला असतो. बाहेरून आणलेला संच बसवताना पुढच्या आणि मागच्या चाकांतला ब्रेकचा तोल बिघडला, तर ओल्या रस्त्यावर गाडी भरकटू शकते. बिडाच्या डिस्कचे पॅडही तिथे चालत नाहीत. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर निर्बंध आहेत, आणि अपघातानंतर विमा कंपनीने विचारले तर उत्तर आपल्याला द्यावे लागेल. पुढची देखभालही वेगळी आहे: चाक काढताना रिमचा ठोका बसला तर डिस्कची कड उडते, म्हणून मार्गदर्शक स्टड (चाक सरळ बाहेर यावे म्हणून लावायच्या लांब दांड्या) लावूनच चाक उतरवावे लागते. तिची झीज जाडीपेक्षा घटलेल्या वजनावरून ओळखावी लागते, कारण अति तापल्यावर आतला कार्बन जळत जातो. रस्त्यावर पंक्चर काढणाऱ्या दुकानात ही काळजी घेतली जाईल, याची खात्री नाही. अशी डिस्क बदलण्याच्या खर्चापायी वारंवार शर्यतीच्या ट्रॅकवर जाणारे कित्येक जण कंपनीचे सिरॅमिक संच काढून जपून ठेवतात आणि बिडाच्या डिस्कवर गाडी चालवतात.

तपासणीच्या शुल्काची कल्पना गाडी आत घेण्यापूर्वीच दिली होती, आणि आपण संमती दिल्यावरच काम सुरू केले. त्यात डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजणे, फिरताना ती किती हलते हे डायल गेजने पाहणे आणि ऑइलमधले पाणी तपासणे आले. आपल्या डिस्क त्यांच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा बऱ्याच जाड आहेत, त्यामुळे त्याही बदलण्याचे बिल आम्ही लावले नाही. सिरॅमिकचा संच बसवला असता तर आमचा नफा कितीतरी अधिक झाला असता. तरीही, ज्या पेडलवर आपल्या कुटुंबाचा जीव अवलंबून आहे, तिथे गरज नसलेला आणि गाडीशी मेळ न बसणारा भाग विकणे मला मान्य नाही.

आपण कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर नियमित जाणार असाल, तर अधिक तापमान सोसणारे पॅड, उंच उत्कलनबिंदूचे ऑइल, स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) आणि चांगले टायर, या क्रमाने काम करण्याचा माझा सल्ला आहे, आणि ते काम आम्ही आनंदाने करू. दुसऱ्या गॅरेजचे मत घ्यायचे असल्यास चारही चाकांच्या मोजमापांची प्रत काउंटरवर तयार आहे; काढलेले पॅडही आपल्या गाडीचा क्रमांक लिहून ठेवले आहेत, ते सोबत न्यावेत. घाट उतरताना खालचा गिअर वापरावा, आणि ऑइल दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, बदलून घ्यावे.

आपला,
गॅरेजमालक, पर्वरी