‘सगळं सस्पेन्शन एकदमच बदला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या स्विफ्टच्या (२००५ ते २०११ चं मॉडेल) पुढच्या सस्पेन्शनवरचा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि मोकळेपणाने आक्षेप घेतलेत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दहा वर्षांपुढच्या गाडीत तपासत बसण्यापेक्षा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब), लोअर आर्म (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा), लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारची छोटी जोडदांडी) असा सगळा संच एकदम बदलावा. शॉकअप (गाडीचं डोलणं थांबवणारे शॉक ॲब्सॉर्बर) गेलेत का हे बॉनेट दाबून अर्ध्या मिनिटात कळतं. बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा) बघायला जॅक आर्मखालीच लावायचा असतो. आणि बुशचे (आर्मच्या बॉडीकडच्या रबरी सांध्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे, हा सल्ला कागदावरचा आहे, गॅरेजात तसं कोणी करत नाही. शिवाय तुमच्या २००९ च्या गाडीत सगळं नवीन टाकूनही डावीकडून ‘कट कट’ येतेच आहे, असंही तुम्ही लिहिलंय.

बोल्टच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण नवीन आर्मचे बुश लवकर फाटतात ते बहुतेक वेळा इथेच. लोअर आर्मच्या बुशमध्ये आत एक लोखंडी नळी, बाहेर दुसरी आणि मध्ये दोघींना चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीच्या ब्रॅकेटला घट्ट धरली जाते, फिरत नाही. आर्म वरखाली होतो तो निव्वळ रबर पिळून. आता गाडी लिफ्टवर आहे, चाक लटकतंय. समजा ते नेहमीच्या जागेपेक्षा ७-८ सेंटिमीटर खाली आलंय आणि आर्म ३५ सेंटिमीटर लांब आहे. म्हणजे आर्म साधारण १२-१३ अंश खाली झुकला. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला तर गाडी खाली उतरवल्याक्षणी रबराला तेवढा पीळ बसतो, आणि गाडी नुसती उभी असतानाही तो सुटत नाही. वर खड्ड्यांचे धक्के वेगळेच. रबर नळीपासून सुटायला लागतं, ब्रेक मारताना ‘ठक’ वाजतं, आणि दोष पार्टच्या माथी जातो.

गॅरेजात करत नाहीत हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे. पण अवघड म्हणून नव्हे, घाई असते म्हणून. खोलण्याआधी गाडी सपाट जागेवर उभी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून खडूने तिथेच लिहून ठेवा. आर्म बसवताना बोल्ट नुसते लावून सैलसर ठेवा, पूर्ण आवळू नका. मग बॉडी स्टँडवर असतानाच दुसरा जॅक लाकडाचा ठोकळा मध्ये घालून बॉल जॉइंटजवळ आर्मखाली लावा आणि तेच अंतर येईपर्यंत हळूहळू उचला. आता टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराला आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. एका बाजूला पाच-सात मिनिटं जास्त लागतात. गाडीचं वजन मात्र स्टँडवरच असू द्या. बॉडी स्टँडवरून सुटायला लागली तर तिथेच थांबा. मग चाकं लावून गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजातल्या खड्ड्यावर घ्या आणि बोल्ट तिथे आवळा. मागच्या टॉर्शन बीमच्या (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) बुशनाही हाच नियम.

बॉल जॉइंटसाठी आर्मखाली जॅक लावायची पद्धत चुकीची नाही, पण ती दुसऱ्या रचनेची आहे. ज्या गाडीत स्प्रिंग लोअर आर्मवर बसते तिथे आर्म उचलल्याशिवाय जॉइंट मोकळा होत नाही. स्विफ्ट, वॅगनआरसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत स्प्रिंग स्ट्रटवर असते आणि वजन तिथूनच नकलमार्गे (नकल म्हणजे चाक धरणारा लोखंडी भाग) चाकावर जातं. इथे आर्मखाली जॅक लावलात की जॉइंट दाबला जातो आणि असलेला प्ले (सैलपणा) लपतो. म्हणून जॅक बॉडीच्या ठरलेल्या जागी लावा, स्टँड द्या, चाक लटकू द्या. आर्म आणि नकल यांच्यामध्ये टॉमी (उचकटायची सळई) घालून हलकेच उचकटा आणि बोट जॉइंटवर ठेवा. डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळतं. रबरी टोपी फाटली असेल तर प्ले नसला तरी जॉइंटचे दिवस भरलेत. आपल्याकडच्या पावसात आत चिखल जायला वेळ लागत नाही.

चाक १२ आणि ६ वाजताच्या जागी धरून हलवताना प्ले जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. ९ आणि ३ ला प्ले असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंगचे सांधे.

आता बॉनेट दाबून बघण्याबद्दल. गाडी तीन-चारदा डोलत राहिली तर शॉकअप गेलेत, यात वाद नाही. पण एका झोक्यात थांबली म्हणजे चांगले आहेत, हा निष्कर्ष निघत नाही. हाताने दाबताना शॉकअपच्या रॉडचा वेग अगदी कमी असतो आणि तेवढी हालचाल सीलचं घर्षण नि ताठर बुशसुद्धा थांबवतात. खड्ड्यात रॉड त्याच्या कितीतरी पट वेगाने आत जातो, आणि झिजलेले व्हॉल्व्ह तिथे उघडे पडतात. त्यापेक्षा टायरवरून तळहात गोल फिरवा. ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे लागले तर शॉकअपवर संशय पक्का. स्ट्रटवर धूळ धरलेला तेलाचा हलका थर चालतो. ओघळ आला असेल आणि पुसल्यावर काही दिवसांत पुन्हा ओला होत असेल, तर बदला, आणि दोन्ही बाजूंचे बदला. तिथे जोडीने बदलण्याच्या तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. स्ट्रट बाहेर आलाच आहे तर वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट बूटही नवीन टाका, कारण त्यांची मजुरी वेगळी पडत नाही.

पण चांगला लोअर आर्म केवळ वयामुळे काढण्याला माझा ठाम विरोध आहे. कारखान्यातून आलेला, प्ले नसलेला, बुश न फाटलेला आर्म काढून बाजारातला कुठल्याशा डब्यातला स्वस्त आर्म बसवणं म्हणजे पैसे देऊन गाडी बिघडवणं. बदलायचाच असेल तर अधिकृत विक्रेत्याकडून अस्सल पार्ट घ्या, बिलासकट. ‘भरून मिळणारे’ (जुन्यातच पुन्हा तेल भरलेले) शॉकअप आणि स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर या दोन्ही गोष्टी टाळा. बफरमुळे त्या जागचे वेढे काम करणं थांबवतात, स्प्रिंग कडक होते आणि तो मार माउंटिंगला बसतो.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. स्ट्रटवरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय कधीही सोडू नका. दोन्ही हुक समोरासमोर लावा, आलटून पालटून थोडं थोडं आवळा, आणि स्प्रिंग वरच्या सीटवर सैल झाली हे हाताने हलवून बघा, मगच नट सोडा. आणि रॉडची चकचकीत बाजू पक्कडीने धरू नका. तिथे उठलेला एक ओरखडा नवीन सील कापतो.

आता तुमच्या गाडीचा आवाज. छोट्या खडबडीवर, कमी वेगात ‘कट कट’ आणि मोठ्या स्पीडब्रेकरवर शांत, असं तुम्ही वर्णन केलंय. हा कमी भारावर हलणाऱ्या सैल जागेचा आवाज आहे. आधी त्याच रस्त्यावर ब्रेक अगदी हलका दाबून चालवा. आवाज थांबला तर ब्रेकच्या कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना किंवा पॅड सैल आहेत, सस्पेन्शनचा संबंध नाही.

थांबला नाही तर गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर असताना लिंक रॉड हाताने जोरात हलवा. एक चाक जॅकवर असताना हे करू नका, स्टॅबिलायझर बारचा (गाडी वळणावर कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणाऱ्या दांड्याचा) पीळ लिंकला ताणून धरतो आणि प्ले सापडत नाही. तरी शंका राहिली तर दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून, बार नि लिंक कशाला लागणार नाहीत असे बांधून, गल्लीत हळू एक चक्कर मारा. आवाज गेला तर चोर तिथेच आहे. नवीन लिंकमध्ये दोष नेहमी नटाचा असतो असं नाही, पण पहिला संशय नटावरच घ्या: आवळताना बॉलचा दांडाही सोबत फिरतो, घट्ट झाल्यासारखं वाटतं आणि नट सैलच राहतो. दांड्याच्या टोकाला ॲलन कीची खाच असेल तर की घालून, नसेल तर दांड्याची चपटी बाजू पान्याने धरून नट आवळा. बारचे डी-बुशही (बारला बॉडीशी धरणारे रबर) बघा, ‘सगळं बदललं’ म्हणताना बहुतेक वेळा तेच जुने राहून जातात.

आणि स्टिअरिंग उभ्या गाडीत डावी-उजवीकडे फिरवून घ्या, तेव्हा एक हात डाव्या स्प्रिंगवर ठेवा. स्प्रिंग अडखळून झटका देत असेल तर वरचं बेअरिंग नीट बसलेलं नाही किंवा मधला नट सैल आहे. त्यासाठी स्ट्रट पुन्हा उतरवावा लागला तर नकलच्या दोन बोल्टांच्या जागा आधी रंगाने खुणावून ठेवा, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) तिथेच हलतो, आणि बसवून झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या.