छप्पर नसलेलंच बरं

पडक्या जुन्या चर्चवर नवीन छप्पर घालून ती वापरात आणावीत, हे एका लेखात वाचलेलं मत मला पटलं नाही. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सी या उजाड गावाचं बिनछपराचं सेंट मार्टिन चर्च बघा. गाव वाढलं तेव्हा चर्चच्या दोन्ही अंगांना कमानींमधून उघडणाऱ्या पाख्या, म्हणजे बाजूची दालनं, जोडली, माणसं घटली तेव्हा ती पाडून कमानी चिणून टाकल्या. त्या बुजवलेल्या कमानी आजही भिंतीत स्पष्ट दिसतात. १५०० च्या सुमारास गाव उठलं, कारण जमीनदारांना शेतकऱ्यांपेक्षा मेंढ्या परवडायला लागल्या! तरी आसपासच्या वस्त्यांसाठी चर्च १९४९ पर्यंत चालू होतं. मग १९५९ मध्ये अर्धा मनोरा कोसळला. तो तसाच अर्धा उभा आहे.

इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी तिथे १९५० ते १९९० असं चाळीस वर्षं उत्खनन केलं. दफनभूमीतल्या जवळपास सातशे सांगाड्यांवरून त्या लोकांचं खाणंपिणं, आजारपणं कळली. गुळगुळीत डागडुजी केली असती तर यातलं निम्मं झाकलं गेलं असतं. दगड निखळू नयेत, पाणी मुरू नये, एवढं बघितलं की पुरे. बाकी गाडी लांब लावून चिखलातून चालत जावं लागतं, बूट जुनेच घाला.