पीटीच्या बनियनवर ना फीत, ना स्टार

आम्हा माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय. ३० सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी क्वांटिकोच्या तळावर देशोदेशीचे आपले जनरल आणि अॅडमिरल बोलावून घेतले. पोट सुटलेले जनरल चालणार नाहीत असं तोंडावर सांगितलं. हुद्दा कोणताही असो, कामाच्या दिवशी रोज पीटी आणि वर्षातून दोनदा चाचणी, हेही जाहीर केलं. त्याला उत्तर म्हणून कुणीतरी लिहिलंय: लढाई नकाशावर जिंकतात, पायांनी नाही. साहेब लोकांनी तरुणपणी भरपूर पळून घेतलंय. व्यायाम करायचाच तर त्यांना जिम आहे, गोल्फ आहे. जवानांपुढे धापा टाकणारा साहेब म्हणजे शिस्तीला सुरुंग. सबब मोठ्या हुद्द्याला सामूहिक पीटीतून सूट हवीच.

हेगसेथ यांच्या भाषणातलं बाकीचं बरंच मला पटलेलं नाही, पण तो विषय वेगळा. पीटीबद्दल मात्र गप्प बसवत नाही. पलटणीत २२ वर्षं काढली, त्यातली ९ उस्ताद म्हणजे पीटी शिकवणारा म्हणून, शिट्टी गळ्यात अडकवून.

नकाशाचं आधी घेऊ. कर्नल संतोष महाडिक आमच्या साताऱ्याचे, पोगरवाडीचे. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर, म्हणजे पलटणीचे प्रमुख, सीओ. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना गेले, वय ३८. नकाशा त्यांच्याकडेही होता. पण त्या जंगलात गाडी जात नाही आणि सीओला वेगळी वाट नसते. गलवानमध्ये १५ जून २०२० च्या रात्री कर्नल संतोष बाबू पडले, तेही १६ बिहार पलटणीचे सीओच. कुणी म्हणेल, हे कर्नल झाले, त्याच्या वरच्यांचं काय? १९६२ च्या चीन युद्धात नामका चू नदीवर ७ ब्रिगेडची फळी कोसळली तेव्हा ब्रिगेडियर जॉन दळवी वयाच्या ४२ व्या वर्षी मोजक्या माणसांसह पायी डोंगर तुडवत माघारी निघाले होते. २२ ऑक्टोबरला ते चिन्यांच्या हाती सापडले. आपल्याला पायी निघावं लागेल असं कुठल्याच ब्रिगेडियरने आदल्या आठवड्यात ठरवलेलं नसतं.

आता जिमचा मुद्दा. सगळ्या मजकुरात हाच लोकांना पटतो, आणि मला सगळ्यात चुकीचा तोच वाटतो. कारण त्यात सामूहिक पीटी म्हणजे घाम काढायची सोय असं धरून चाललेत. घाम तर कुठेही निघतो.

पंजाबातल्या एका छावणीतली गोष्ट सांगतो. जानेवारी महिना, सकाळचे सहा, धुकं इतकं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती. आदल्याच दिवशी नवे सीओ साहेब आले होते. फॉल-इन झालं, रिपोर्ट झाली, आम्ही पळायला निघालो. साहेब दिसले नाहीत तेव्हा वाटलं, पहिला दिवस आहे, येतील उद्या. परतीच्या वाटेवर उजाडलं आणि पाहतो तर साहेब सगळ्यात मागे. पांढरं बनियन, हाफ पँट, कॅनव्हासचे बूट. त्या वेशात कर्नल आणि शिपाई वेगळा ओळखू येत नाही. सगळ्यात शेवटी पळणारा बीडचा एक पोरगा होता आणि साहेब त्याच्या बरोबरीने पाय टाकत होते.

ग्राउंडवर आल्यावर साहेबांनी त्याला बूट काढायला लावले. बोटांवर फोड, नखं काळी पडलेली. स्टोअरमध्ये त्याच्या मापाचे बूट नव्हते, म्हणून एक नंबर लहान दिलेले, आणि तो दोन महिने त्यातच पळत होता. मग साहेबांनी त्या कंपनीतल्या सगळ्यांनाच बूट काढायला सांगितले. आणखी सहा जण निघाले. एकाने पुढून कापड कापून अंगठ्याला जागा केली होती. आठ वाजता क्वार्टरमास्टर हजर, दुसऱ्या आठवड्यात बूट हजर.

दोन महिने मी त्या पोराला रोज पाहत होतो. मागे राहतो म्हणून ओरडतही होतो. बूट काढ म्हणायचं मला सुचलं नाही, याची आजही लाज वाटते. तो स्वतःहून बोलणार नव्हता, कारण शिपाई दरबारात, म्हणजे साहेबांनी भरवलेल्या पलटणीच्या सभेत, उभा राहून बुटाची तक्रार करत नाही. कोण लंगडतोय, कोण रात्री झोपला नाही, कोणाचं कोणाशी बिनसलंय, हे कमांडरला पहाटेच्या त्या पाऊण तासात फुकट कळतं. जिमच्या ट्रेडमिलवरून समोरची भिंत दिसते.

"तरुणपणी पळून झालंय" हे मीही ऐकलंय, अगदी चांगल्या माणसांच्या तोंडून. माझा अनुभव असा की हुद्द्याची सूट जिथे दिली तिथे थांबत नाही. एका ठिकाणी टूआयसी, म्हणजे सीओंच्या खालोखालच्या, साहेबांनी पीटीला येणं सोडलं. महिन्याभरात कंपनी कमांडरांच्या फायली सकाळी सहालाच निघू लागल्या. मग सुभेदार साहेब चहाचा मग घेऊन कडेला उभे राहू लागले, सीनियर हवालदारांना कोतची, म्हणजे शस्त्रागाराची, कामं आठवली, क्लार्कांना कागदी रिटर्न्स. हजेरी पूर्ण, मैदान अर्धं. शेवटी पळत होती ती विशी-बाविशीची पोरं, आणि त्यांच्याही लक्षात आलं होतं की बढतीची फीत लागली की यातून सुटका. त्या वर्षी बीपीईटीला, म्हणजे रायफल आणि पाठीवरच्या पिठ्ठूसह ५ किलोमीटर पळणं, दोर चढणं, ९ फुटांचा खंदक उडीने पार करणं या चाचणीला, किती जण बसले आणि किती जणांनी कारणं काढली, ते मी पाहिलंय.

हुद्द्याने आराम मिळतो हा समज मुळात फौजेचा नाहीच. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अॅकॅडमीत १९३२ मध्ये तेव्हाचे सरसेनापती चेटवूड यांनी सांगितलेला क्रम तिथला प्रत्येक कॅडेट पाठ करतो: आधी देश, मग हाताखालची माणसं, आणि स्वतःचा आराम सगळ्यात शेवटी, प्रत्येक वेळी. त्यात वयाची किंवा स्टारची अट नाही.

धापा टाकणाऱ्या साहेबामुळे शिस्त जाते म्हणे. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी अधिकाऱ्यांना फर्मान काढलं होतं की तीन दिवसांत ९० मैल घोडदौड करून दाखवा. खात्यात कुरकुर सुरू झाली. तेव्हा १३ जानेवारी १९०९ ला ते स्वतः पहाटे घोड्यावर बसले आणि वॉशिंग्टनहून व्हर्जिनियातल्या वॉरेंटनला जाऊन त्याच दिवशी परत आले. अंतर ९० मैलांच्या वर, येताना अंगावर बर्फाचा मारा, वय ५०. त्यांचा मान त्याने कमी झाला नाही. जवान धाप लागलेल्या साहेबाला हसत नाहीत. सहा वाजता अंथरुणात असलेल्या साहेबाबद्दल बॅरेकमध्ये काय बोललं जातं, ते मात्र इथे लिहिण्यासारखं नाही.

वयाचा मुद्दा तेवढा खरा आहे. पन्नाशीच्या माणसाने विशीच्या पोराच्या वेळेत पळावं असं कुणीही शहाणा उस्ताद म्हणणार नाही, म्हणून तर चाचण्यांच्या वेळा वयोगटाप्रमाणे वेगळ्या असतात. गुडघा गेला, हृदयाचं काही निघालं, तर मेडिकल कॅटेगरी खाली येते आणि डॉक्टर पीटी माफ करतो. ती माफी शिपायालाही मिळते आणि कर्नललाही, एकाच कागदावर. सूट द्यायचा अधिकार डॉक्टरचा आहे, खांद्याचा नाही.

आमच्या सुभेदार मेजर साहेबांकडे असा कागद होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पळणं-उड्या बंद. तरी सहाच्या आधी ते बनियन घालून ग्राउंडवर असायचे. आम्ही पळायला गेलो की चिन-अपच्या बीमखालची माती स्वतः फावड्याने भुसभुशीत करून ठेवायचे, आणि परत आलो की बीमजवळ उभे राहून एकेकाचे चिन-अप मोठ्याने मोजायचे. हनुवटी बीमच्या वर गेली नाही तर आकडा पुढे सरकायचा नाही. एकदा मलाच त्यांनी सातवर चार वेळा थांबवलं होतं.