लाल शाई फाईलपुरतीच
ऑपरेशनआधी हिपॅटायटिस सी (यकृताचा विषाणूजन्य आजार) तपासतात, पण पॉझिटिव्ह आलेल्याला पुढे कोणी विचारत नाही, हे लेखातलं म्हणणं सोळा आणे खरं. जळगावात मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. फाईलवर लाल शाईत ‘एचसीव्ही (म्हणजे हिपॅटायटिस सीचा विषाणू) पॉझिटिव्ह’, ऑपरेशनचा नंबर सगळ्यात शेवटी, संरक्षक किटचे पैसे वेगळे (ते बरे आठवले!). डिस्चार्ज कार्डावर मात्र फक्त टाके काढायची तारीख. ही तपासणी अँटीबॉडीची, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांची. ती पॉझिटिव्ह म्हणजे आजार आत्ता आहेच असं नाही, आपोआप बरे झालेल्यांचीही येते. रक्तात विषाणू आहे का ते पाहणाऱ्या आरएनए चाचणीशिवाय कळत नाही. ती चाचणी आणि साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्या 2018 साली सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत, बहुतेक जण पूर्ण बरे होतात. कापूस वेचणी सोडून चोपड्याहून जळगावला कोण विचारायला येणार? कार्डावरच लिहून द्या ना, कुठे जायचं ते.